थॉमस पेन : जगाला देश मानणाऱ्या माणसाला नागरिकत्व सिद्ध का करावं लागलं?

१८०६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात न्यू रोशेल या गावी निवडणूक होती. सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ मत द्यायला आले, पण निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. हे गृहस्थ अमेरिकेचे नागरिकच नाहीत, असं कारण देण्यात आलं.

ते गृहस्थ होते थॉमस पेन. तीस वर्षांपूर्वी त्यांच्याच एका पुस्तिकेने अमेरिकी वसाहतींना ब्रिटनपासून वेगळं होण्याचं बळ दिलं होतं. ज्या गावात त्यांचं मत नाकारलं गेलं, तिथली त्यांची शेतजमीनसुद्धा स्वातंत्र्यलढ्यातल्या कामाबद्दल न्यूयॉर्क राज्यानेच दिलेली होती.

पेन जन्माने इंग्रज, कर्माने अमेरिकी आणि मानाने फ्रेंच. संपूर्ण जग हाच आपला देश, असं ते मानत आणि तसं लिहीतही. पण आयुष्यात तीन वेळा, तीन वेगवेगळ्या देशांत, त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : तुम्ही नेमके कोणाचे? एकदा तर या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचा जीव अवलंबून होता. विश्वनागरिक असणं आणि एखाद्या देशाचा नागरिक असणं यांची सांगड कशी घालायची, हे समजून घ्यायचं तर पेन यांच्या आयुष्याकडे पाहावं लागतं.

इंग्लंडमधली ३७ वर्षं

पेन यांचा जन्म १७३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या थेटफर्ड या गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे. या ख्रिस्ती पंथात युद्धाला विरोध असतो आणि सगळी माणसं देवापुढे सारखी मानली जातात. आई मात्र इंग्लंडच्या अधिकृत चर्चची अनुयायी होती. म्हणजे घरातच दोन पंथ होते.

वडिलांचा धंदा कॉर्सेट शिवण्याचा. त्या काळच्या बायका पोशाखाच्या आत घट्ट आवळून बांधत, ते हे वस्त्र. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पेन वडिलांच्या हाताखाली हेच काम शिकू लागले. पुढे लग्न झालं, पण वर्षभरातच पहिली पत्नी बाळंतपणात गेली. मग त्यांनी अबकारी खात्यात नोकरी धरली. तिथून एकदा काढून टाकलं, पुन्हा घेतलं. वर्षाला ५० पौंडांत या कर्मचाऱ्यांचं भागत नाही, म्हणून पगारवाढीची मागणी करणारं निवेदन त्यांनी १७७२ मध्ये लिहिलं. मागणी मान्य झाली नाही, आणि १७७४ मध्ये नोकरी कायमची गेली. तंबाखूचं दुकान बुडालं, दुसरं लग्नही मोडलं.

याच काळात लंडनमध्ये त्यांची बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी ओळख झाली. फ्रँकलिन यांनी शिफारसपत्र दिलं आणि पेन जहाजात बसले. नोव्हेंबर १७७४ च्या अखेरीस ते फिलाडेल्फियाला पोचले तेव्हा तापाने इतके फणफणले होते, की त्यांना उचलून जहाजातून उतरवावं लागलं.

चौदा महिन्यांत नवा देश

अमेरिका तेव्हा देश नव्हता. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या १३ ब्रिटिश वसाहती होत्या. करांवरून लंडनशी भांडण पेटलं होतं, पण बहुतेकांना राजाशी तडजोड हवी होती. स्वातंत्र्याचं नाव उघडपणे घ्यायला फारसं कोणी तयार नव्हतं.

१० जानेवारी १७७६ रोजी 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्यावर पेन यांचं नाव नव्हतं. एका इंग्रजाने लिहिलेली, एवढंच छापलं होतं. भाषा साधी, बायबल वाचणाऱ्या कारागिराला आणि शेतकऱ्याला कळेल अशी. वंशपरंपरेने राजा होण्यात काहीही शहाणपण नाही, आणि एका बेटाने अख्ख्या खंडावर कायम राज्य करणं निसर्गालाच धरून नाही, असा तिचा रोख होता. पुस्तिकेचा प्रचंड खप झाला. आपल्या वाट्याचा नफा पेन यांनी सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला.

या पुस्तिकेत राष्ट्र आणि जग एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. वसाहतींचा लढा हा काही थोड्या लोकांच्या करांचा प्रश्न नसून सगळ्या मानवजातीचा प्रश्न आहे, अशी पेन यांची मांडणी होती. नवा देश हवा, तो जगभरातल्या छळलेल्या माणसांना आसरा मिळावा म्हणूनही. इंग्लंडहून येऊन जेमतेम वर्ष झालेला माणूस या लढ्यात उतरू शकला, तो याच भूमिकेमुळे. ज्या तत्त्वासाठी लढा चालू आहे ते आपलं, म्हणून हा लढाही आपला, असा त्यांचा हिशेब होता.

१७७६ च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांचं सैन्य माघार घेत होतं, सैनिकांचा धीर खचला होता. पेन यांनी 'द अमेरिकन क्रायसिस' या लेखमालेचा पहिला लेख लिहिला. ट्रेंटनच्या लढाईआधी तो सैनिकांना वाचून दाखवला गेला. ही लेखमाला १७८३ मध्ये युद्ध संपेपर्यंत चालली.

शेवटच्या टप्प्यात त्यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. युद्ध जिंकल्यावर माणसं पुन्हा आपापल्या राज्यांत विभागली जात होती. कोणी स्वतःला व्हर्जिनियाचा म्हणवत होता, कोणी मॅसॅच्युसेट्सचा. पेन यांचं म्हणणं होतं, की राज्याचं नागरिकत्व ही स्थानिक ओळख झाली. बाहेरच्या जगात मान मिळतो तो संयुक्त राष्ट्राच्या नागरिकत्वाला. विश्वनागरिक म्हणवणारा माणूस इथे राष्ट्रीय नागरिकत्व बळकट करण्यासाठी झगडत होता. यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. गाव, राज्य, राष्ट्र आणि जग ही त्यांच्या दृष्टीने एकाबाहेर एक वर्तुळं होती. आतलं पुसून बाहेरचं काढायचं नव्हतं.

'राइट्स ऑफ मॅन' आणि राजद्रोहाचा खटला

१७८७ च्या वसंतात पेन युरोपला निघाले. निमित्त राजकारणाचं नव्हतं, पुलाचं होतं. एकाच कमानीच्या लोखंडी पुलाची रचना त्यांनी केली होती आणि तिला फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पाठिंबा मिळवायचा होता. अमेरिकेची राज्यघटना त्यांच्या पाठीमागे लिहिली गेली आणि नागरिकत्वाचा पहिला संघीय कायदा १७९० मध्ये झाला, तेव्हाही ते परदेशातच होते.

दरम्यान १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. बॅस्टिल तुरुंगाची किल्ली लाफायेत यांनी वॉशिंग्टन यांना भेट म्हणून पाठवायचं ठरवलं आणि ती पेन यांच्या हवाली केली. दोन क्रांत्यांमधला दुवा म्हणून त्यांचं स्थान तेव्हा असं होतं.

इंग्लंडमध्ये एडमंड बर्क यांनी फ्रेंच क्रांतीवर कडाडून टीका करणारं पुस्तक लिहिलं. त्याला उत्तर म्हणून पेन यांचं 'राइट्स ऑफ मॅन' १७९१ मध्ये आलं. दुसरा भाग १७९२ मध्ये निघाला. हक्क राजा देत नाही, परंपराही देत नाही. ते माणसाला माणूस म्हणून जन्मतःच असतात आणि प्रत्येक पिढीला आपलं सरकार ठरवण्याचा अधिकार असतो, हा या पुस्तकाचा गाभा.

पण दुसऱ्या भागात पेन तत्त्वांवर थांबले नाहीत, थेट जमाखर्चात शिरले. गरीब कुटुंबातल्या १४ वर्षांखालच्या मुलासाठी वर्षाला ४ पौंड, पन्नाशीनंतर गरजूंना ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड अशी रक्कम त्यांनी सुचवली. हा पैसा राष्ट्राच्या तिजोरीतून, युद्धावरचा आणि दरबारावरचा खर्च कमी करून यायचा होता. हक्क जगातल्या प्रत्येक माणसाचे असले, तरी ते त्याच्या हातात पडायला कर गोळा करणारी आणि वाटप करणारी एखादी राष्ट्रीय व्यवस्था लागते, हे अबकारी खात्यात राबलेल्या या माणसाला चांगलंच कळत होतं.

ब्रिटिश सरकारला हे परवडणारं नव्हतं. स्वस्त आवृत्तीमुळे पुस्तक कामगारांपर्यंत पोचत होतं. पेन यांच्यावर राजद्रोही लेखनाचा खटला भरला गेला. सप्टेंबर १७९२ मध्ये ते डोव्हरहून फ्रान्सला गेले. डिसेंबरमध्ये त्यांच्या गैरहजेरीत खटला चालला, ते दोषी ठरले आणि कायद्याच्या संरक्षणातून बाद झाले. ठिकठिकाणी त्यांचे पुतळे जाळण्यात आले. जन्मभूमीचं दार कायमचं बंद झालं.

फ्रान्सने दिलेला मान

त्याआधीच, २६ ऑगस्ट १७९२ रोजी, फ्रान्सने काही परदेशी व्यक्तींना सन्मान म्हणून फ्रेंच नागरिकत्व जाहीर केलं होतं. त्यात पेन यांच्याबरोबर जॉर्ज वॉशिंग्टन, अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन, जेरेमी बेंथम, विल्यम विल्बरफोर्स आणि जर्मन कवी शिलर यांचीही नावं होती. मानवजातीसाठी झटणारा कोणीही परका नाही, ही त्यामागची भावना होती.

वॉशिंग्टन किंवा शिलर यांच्यासाठी हा केवळ सन्मान राहिला. पेन मात्र नॅशनल कन्व्हेन्शन या नव्या प्रतिनिधीसभेवर पा-द-कॅले भागातून निवडून आले. नवी राज्यघटना लिहिणाऱ्या समितीतही त्यांना घेतलं गेलं. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. भाषणं दुसऱ्याला वाचून दाखवावी लागत.

जानेवारी १७९३ मध्ये पदच्युत राजा सोळावा लुई याचं काय करायचं, यावर सभेत मतदान झालं. पेन आयुष्यभर राजेशाहीचे विरोधक, पण त्यांनी फाशीला विरोध केला. राजाला अमेरिकेला पाठवून द्यावं, असं त्यांनी सुचवलं. याच लुईने अमेरिकेच्या लढ्याला मदत केली होती, हे ते विसरले नव्हते. राजेशाही संपवा, पण माणूस मारू नका, अशी त्यांची बाजू होती. त्यांचं म्हणणं भाषांतरातून वाचलं जात असताना जाँ-पॉल मारा यांनी मध्येच उठून हरकत घेतली : पेन क्वेकर आहेत, त्यांचं मत धर्मामुळे बनलेलं आहे. २१ जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला.

त्यानंतर हवा फिरली. फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध सुरू झालं आणि परदेशी माणूस हा संशयित ठरू लागला. डिसेंबर १७९३ मध्ये परदेशात जन्मलेल्यांना सभेतून काढण्यात आलं आणि २८ तारखेला पेन यांना अटक झाली. त्यांच्याबरोबर अनाकार्सिस क्लूट्स यांनाही पकडलं. जन्माने प्रशियाचे असलेले हे गृहस्थ स्वतःला मानवजातीचा प्रवक्ता म्हणवत आणि सगळ्या जगाचं एकच प्रजासत्ताक असावं असं म्हणत. मार्च १७९४ मध्ये त्यांना गिलोटिनवर चढवलं गेलं.

तुरुंगात विचारलेला प्रश्न

पेन लक्झेंबर्ग तुरुंगात होते. पॅरिसमधल्या काही अमेरिकनांनी सभेकडे त्यांच्या सुटकेची विनंती केली. उत्तर मिळालं, की पेन इंग्लंडमध्ये जन्मले आहेत. म्हणजे ते शत्रूराष्ट्राचे.

अमेरिकेचे पॅरिसमधले राजदूत गव्हर्नर मॉरिस होते. ('गव्हर्नर' हे त्यांचं नावच होतं.) पेन यांच्याशी त्यांचं जुनं वितुष्ट. त्यांनी फ्रेंच सरकारकडे विचारणा केली, पण नेट लावला नाही. पेन यांनी फ्रेंच नागरिकत्व स्वीकारलं आहे, तेव्हा त्यांना फ्रेंच कायदा लागू होतो, असं फ्रेंच परराष्ट्रमंत्र्यांनी कळवलं. मॉरिस यांनी ते मान्य केलं.

अटक करताना पेन इंग्रज ठरले आणि सोडायची वेळ आली तेव्हा फ्रेंच. ब्रिटिश कायद्याप्रमाणे जन्माने मिळालेली राजनिष्ठा मरेपर्यंत सुटत नव्हती, तरी ब्रिटनच्या लेखी ते गुन्हेगार होते. अमेरिका गप्प होती. तीन देशांशी नातं असलेल्या माणसाच्या मागे एकही देश उभा नव्हता.

तुरुंगात त्यांना जबर ताप आला. पेन यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, ज्यांना दुसऱ्या दिवशी न्यायचं त्यांच्या कोठडीच्या दारावर खडूची खूण केली जाई. त्यांचं दार हवेसाठी पूर्ण उघडं टाकलेलं होतं, त्यामुळे खूण आतल्या बाजूला झाली. रात्री दार लावल्यावर ती बाहेरून दिसेनाशी झाली. काही दिवसांतच, २७ जुलै १७९४ रोजी, रोबेस्पिएरची सत्ता कोसळली.

मग मॉरिस यांच्या जागी जेम्स मनरो राजदूत म्हणून आले. पेन यांनी तुरुंगातून त्यांना सविस्तर निवेदन पाठवलं. त्याचा आशय असा : फ्रान्सने दिलेलं नागरिकत्व हा सन्मान होता. त्यासाठी आपण अमेरिकेचं नागरिकत्व सोडलेलं नाही. अशा सन्मानाने मूळ नागरिकत्व जात असेल, तर वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन यांचंही गेलं असं म्हणावं लागेल. एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशाने राज्यघटना लिहायला बोलावलं, म्हणून तो आपल्या देशाला पारखा होत नाही.

दुहेरी निष्ठेबद्दलची ही अत्यंत महत्त्वाची मांडणी आहे. दुसऱ्या देशातल्या लोकांसाठी काम करणं हे विश्वनागरिकाचं कर्तव्य, पण ते करताना त्याच्या पाठीशी स्वतःच्या देशाचं संरक्षण असलं पाहिजे, असं पेन सांगत होते. मनरो यांनी त्यांना अमेरिकी नागरिक मानून मागणी केली आणि ४ नोव्हेंबर १७९४ रोजी, दहा महिन्यांहून जास्त काळानंतर, पेन सुटले. दोन्ही वेळा माणूस तोच होता आणि कायदाही तोच. फरक पडला तो एका सरकारी प्रतिनिधीने त्यांना आपलं म्हटल्यामुळे.

परतल्यानंतर

वॉशिंग्टन यांनी आपल्यासाठी काही केलं नाही, ही सल पेन यांच्या मनात राहिली. १७९६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन यांना जाहीर पत्र लिहून कडवट टीका केली. त्याच सुमारास आलेल्या 'द एज ऑफ रीझन' या पुस्तकात त्यांनी ईश्वर मानला, पण संघटित धर्म आणि बायबलचं दैवी असणं नाकारलं. १७९७ च्या 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' मध्ये त्यांनी सुचवलं, की जमीन मूळात सगळ्यांची आहे, म्हणून वारसाहक्कावर कर बसवून राष्ट्रीय निधी उभारावा. त्यातून २१ व्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड मिळावेत.

१८०२ मध्ये अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या पाठबळावर ते अमेरिकेला परतले. स्वागत थंड झालं. वॉशिंग्टन यांच्यावर टीका करणारा आणि बायबल नाकारणारा माणूस अनेकांना नकोसा होता. १८०६ मध्ये मतदानाचा हक्क नाकारताना अधिकाऱ्यांनी पॅरिसमधल्या त्याच जुन्या नकाराचा आधार घेतला : मॉरिस यांनी तुम्हाला आपलं म्हटलं नाही, वॉशिंग्टन यांनीही नाही. पेन यांनी दाद मागितली. मॅडिसन यांच्यासारख्या जुन्या परिचितांना पत्रं लिहून आपण अमेरिकी असल्याचे पुरावे मागितले. अमेरिकेला देश होण्याची हिंमत देणारा माणूस म्हातारपणी त्या देशाची कागदपत्रं गोळा करत होता.

८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही, म्हणून न्यू रोशेलच्या शेतात दफन झालं. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. त्यांत मार्गरित बोनव्हिल ही फ्रेंच स्त्री होती. ती थडग्याच्या एका टोकाला उभी राहिली आणि आपल्या लहान मुलाला तिने दुसऱ्या टोकाला उभं केलं. ती फ्रान्सच्या वतीने आणि मुलगा अमेरिकेच्या वतीने. दोन्ही देशांचं दुसरं कोणी आलं नव्हतं. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने पेन यांची हाडं उकरून इंग्लंडला नेली. तिथे भव्य स्मारक उभारायचं होतं. ते झालं नाही आणि हाडं पुढे हरवली.

पुण्यातला एक वाचक

पेन यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी जोतीराव फुले यांचा जन्म झाला. १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीरावांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. हिंदुस्थानातले लोक तेव्हा कोणत्याही देशाचे नागरिक नव्हते. ते कंपनी सरकारची रयत होते आणि रयतेतही जातीची उतरंड होती. हक्क जन्माने माणूस असल्यामुळे मिळतात, हा विचार त्या उतरंडीला थेट भिडणारा होता.

१८७३ मध्ये आलेली 'गुलामगिरी' फुल्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तिथल्या कृष्णवर्णीयांना गुलामीतून मुक्त केल्याबद्दलची ती कृतज्ञता होती. पण पुस्तकातला लढा इथल्या शूद्र-अतिशूद्रांचा, इथल्या भाषेत लिहिलेला होता. जगाकडून तत्त्व घ्यायचं, जगाशी नातं सांगायचं आणि काम आपल्या गावात करायचं, हे पेन यांच्या मांडणीचं मराठी रूप म्हणता येईल.

मग समतोल कशात आहे?

पेन यांच्या आयुष्याकडे पाहून विश्वनागरिकत्व ही भाबडी कल्पना आहे, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण त्यांना तुरुंगात टाकलं ते या कल्पनेने नाही. काल ज्याला आपला म्हटलं त्याला युद्ध सुरू होताच परका ठरवणाऱ्या राष्ट्रवादाने टाकलं. राष्ट्रीय नागरिकत्व निरर्थक आहे, असंही त्यांच्या आयुष्यातून निघत नाही. त्यांना सोडवलं ते त्यानेच.

विश्वनागरिकत्वाने पेन यांना सांगितलं की काय करायला हवं. राष्ट्रीय नागरिकत्वाने ठरवलं की ते करताना जीव सुरक्षित राहील का. पहिलं त्यांनी स्वतः निवडलं. दुसरं मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाच्या तरी होकारावर अवलंबून राहिलं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं पंधरावं कलम नेमकी हीच गोष्ट ओळखतं. राष्ट्रीयत्व असणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि ते मनमानीने काढून घेता येणार नाही, असं ते सांगतं. सगळ्या जगासाठी लिहिलेल्या दस्तऐवजालाही, माणसाच्या पाठीशी एखादा देश असावा, अशी तरतूद करावी लागली.